मागायची वेळ येऊ नये

चर्चच्या पाळकाला नेमणुकीचं पत्र मिळतं. कुठल्या मंडळीत, कुठल्या तारखेपासून, पगार किती, राहायला पार्सनेज, म्हणजे पाळकाचं घर, कुठलं, सगळं त्यात असतं. त्याच्या बायकोला असलं काही मिळत नाही. तरी टेम्पोतून सामान उतरायच्या आत कोणीतरी दाराशी येऊन उभं राहतं आणि पाळकसाहेबांची चौकशी न करता विचारतं, "बाई आहेत का?" माझ्या सासूबाईंनी हा प्रश्न गावोगावच्या पार्सनेजच्या दारात ऐकला. शेवटी ठाण्यात.

आम्ही घरातले त्यांना आई म्हणायचो. मंडळीत त्या बाई. उन्हाळ्यात त्या प्रभूमध्ये झोपी गेल्या. स्मरणसभेत लोक भरभरून बोलले: किती प्रेमळ, किती सोशिक, किती प्रार्थनाशील. सगळं खरं होतं. पण त्या नेमकं काय करायच्या हे त्यात कुठे आलं नाही. ते नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे. सून म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं काढलेली आहेत, तेवढा अधिकार मला आहे असं वाटतं.

आईंचं माहेर नेवासे तालुक्यातलं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. तिथेच सिंथिया फरार नावाच्या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे शिकवण्याचं शिक्षण घ्यायला गेल्या. आईंनी नगरलाच डी.एड. केलं. "सावित्रीबाई जिथं शिकल्या त्या गावात मी शिकले," हे त्या पाहुण्यांना आवर्जून सांगायच्या. एरवी स्वतःबद्दल बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण हे वाक्य त्या ताठ बसून म्हणायच्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांना नोकरी लागली होती. लग्न झालं, पप्पांची, म्हणजे माझ्या पाळक सासऱ्यांची, पहिलीच बदली दूर झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्याबद्दल तक्रार म्हणून कधी ऐकली नाही. मात्र दरवर्षी जून उजाडला की त्या खाकी कागदाचे रोळ आणायच्या आणि आसपासच्या सगळ्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालत बसायच्या. कडा नखानं दाबून, कोपरे दुमडून, लेबलवर स्वतःच्या वळणदार अक्षरात नाव. आमच्या मुलांची पुस्तकं दोन-चार, शेजारपाजारची पन्नास. त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की काय सोडलं होतं ते कळायचं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या जालन्याकडे होत्या, नवीन संसार, कडेवर मोठा मुलगा. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती. रेशनवर लाल मिलो यायचा, मुलांना सुकडी मिळायची. मिशन कंपाउंडच्या विहिरीला थोडं पाणी टिकून होतं म्हणून तिथे सकाळपासून रांग. ही सगळी वर्णनं मी माझ्या आजोळीही ऐकलेली. आई सांगायच्या ते वेगळं होतं. एक बाई रोज दिवेलागणीला पदराखाली रिकामं पातेलं धरून कंपाउंडच्या फाटकापर्यंत यायची, थोडा वेळ थांबायची आणि परत जायची. घर एकेकाळचं खाऊन-पिऊन सुखी. तिच्याच्यानं मागणं होत नव्हतं. आईंनी तिला दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत त्या स्वतःच तिच्या दारी गेल्या, पिठाचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं दळण जास्त झालंय. पोरकिडे पडतील. थोडं ठेवून घ्या." ती बाई डबा घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"दळण जास्त कुठलं, आमच्याच घरात उद्याचं नव्हतं," हे त्या मला सांगताना हसायच्या. पण त्या फाटकापाशी त्यांनी आपलं काम ओळखलं असं मला वाटतं. माणसाला मदत तर करायचीच, पण त्याच्यावर ती मागायची वेळ येऊ द्यायची नाही. पुढची सगळी वर्षं त्या हेच करत राहिल्या, आणि हे सोपं नाही. मागणाऱ्याला देण्यासाठी हात सैल असला की पुरतं. न मागणाऱ्याला द्यायचं तर त्याच्या घरात काय चाललंय ते त्यानं न सांगता कळायला लागतं, आणि ते कळल्याचं त्याला कळू द्यायचं नसतं.

ठाण्यात आल्यावर या कामाला मोठं आवार मिळालं. नगर, जालना, औरंगाबादकडून पोटापाण्यासाठी आलेली मराठी ख्रिस्ती माणसं किसननगर, वर्तकनगर, कळवा, मुंब्रा अशी पसरलेली. कोणी वागळे इस्टेटमध्ये फिटर, कोणी शिपाई, कोणी हॉस्पिटलात नर्स. आठवडाभर एकमेकांचं तोंड दिसत नाही, रविवारी उपासनेला तेवढी भेट. आशीर्वाद होऊन लोक बाहेर पडू लागले की पप्पा दाराच्या एका बाजूला उभे राहून हात मिळवायचे आणि आई दुसऱ्या बाजूला. "सलाम बाई", "सलाम". पप्पा आलेल्यांना भेटायचे. आईंचं लक्ष न आलेल्यांवर. घरी येऊन पदर खोचता खोचता त्या पप्पांना सांगायच्या की कळव्याचे कोणी दिसले नाहीत, आणि अमक्याची बायको आली पण प्रभुभोजनाला पुढे आली नाही.

सोमवारी दुपारी त्या निघायच्या. खांद्याला रेक्झिनची पिशवी, तिच्यात नवा करार, बामची बाटली, एक रिकामा स्टीलचा डबा आणि एक वही. टीएमटीच्या बसनं जायच्या, उतरून चाळीचे जिने चढायच्या. रिकामा डबा हा त्यांचा खास मार्ग होता. गेल्या घरी त्या हक्कानं काहीतरी मागून घ्यायच्या, चमचाभर मसाला, लोणच्याची फोड, शेंगदाण्याची चटणी. ज्यांच्याकडे द्यायला काहीच नसेल असं वाटे त्यांच्याकडूनसुद्धा कढीपत्त्याची काडी. पुढच्या आठवड्यात तोच डबा भरून परत जायचा. रिकामा डबा परत करू नये अशी रीतच आहे, त्यामुळे घेणाऱ्याला ओशाळं वाटायचं कारण उरत नसे. मला हे समजायला वेळ लागला. आधी वाटायचं, यांना लोकांच्या घरचं खायला आवडतं.

वही त्या गेल्यानंतर मी वाचली. शाळेची शंभरपानी, अशा पुष्कळ निघाल्या. नोंदी अगदी आखूड. "धाकटीची दहावी. परीक्षा फी २० तारखेच्या आत. विचारू नये." "नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद. दूध अर्धा लिटर झालं." "म्हातारीला दिसत नाही, सुई मुद्दाम ओवायला मागितली." जिथे काम झालं तिथे बारीक क्रूस काढलेला. अर्धा लिटर दुधाची नोंद मी परत परत वाचली. कोणाच्या तरी घरी चहा पिताना ओट्यावरची पिशवी लहान झालेली त्यांनी पाहिली आणि पगार कमी झाल्याचं ओळखलं. त्या घरातल्या माणसानं स्वतःच्या भावालाही ते सांगितलेलं नव्हतं, हे मला त्याच्याच मुलीनं सांगितलं.

पैसे कुठून यायचे? पाळकाचा पगार तो केवढा. सभागृहात त्यांनी बालवाडी चालवली, ब्लाउज शिवले, नाताळला करंज्या-चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. शिवाय मंडळीतल्या सुस्थितीतल्या दोन-तीन नर्सबाई होत्या, त्यांच्याकडे आई नुसत्या बघायच्या आणि त्या पर्स उघडायच्या. कोणासाठी हे त्या विचारत नसत आणि आई सांगत नसत. हार्वेस्टच्या सणाला लोक भाजी, कोंबड्या, नारळ अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी मुंब्र्याच्या एका विधवेनं मेथीच्या दोन जुड्या आणल्या होत्या, कोमेजलेल्या. तिच्या शेजारी कोणाचा तरी भला मोठा भोपळा. लिलाव करणारा जुड्या दुसऱ्या भाजीत टाकून एकत्र विकणार, तेवढ्यात आईंनी मागून स्पष्ट आवाजात बोली लावली. लगेच एका नर्सबाईनं वरची बोली लावली, मग दुसरीनं. मेथी भोपळ्याच्या वर गेली. सगळं ठरवून केलेलं होतं हे मला माहीत आहे, कारण त्या तिघींच्या आदल्या रात्रीच्या चहाची भांडी मीच विसळली होती. ती विधवा त्या दिवशी पहिल्यांदा जेवणाला थांबली.

पप्पांना ठाण्याच्या इतिहासाचं वेड. १८२५ साली बिशप हीबर यांनी अर्पण केलेलं सेंट जेम्स चर्च, मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन दी बाप्टिस्ट, असं काहीबाही ते नव्या माणसाला हमखास सांगायचे. सगळ्यात रंगून सांगायचे ते १३२१ सालचं. पूर्वेकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात उतरले, इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबात राहिले आणि इथेच आपल्या विश्वासापायी मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा संन्यासी प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. प्रकरण कशावरून सुरू झालं तेही त्यानं लिहून ठेवलंय. यजमानानं बायकोला मारलं, ती काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीला कोण, असं विचारल्यावर तिनं घरी उतरलेल्या पाहुण्यांचं नाव घेतलं. त्यावरून बोलावणं आलं, धर्माची वादावादी झाली आणि पुढचं सगळं घडलं.

हे सांगून झालं की एकदा आई आतून म्हणाल्या, "चार परक्या पुरुषांचा स्वयंपाक, त्यात नवऱ्याचा मार. त्या बाईचं पुढं काय झालं?"

पप्पा म्हणाले, ते काही लिहिलेलं नाही.

"लिहिलं नसेल. पण झालं तर असेलच ना काहीतरी."

पप्पा गप्प बसले. त्यानंतर ते ही हकिगत सांगताना त्या बाईपाशी थांबायचे आणि तिच्यासाठी दोन वाक्यं बोलायचे. पप्पांचा मोठेपणा हा की बायकोचं म्हणणं पटलं की ते व्यासपीठावरून सांगायला लाजत नसत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यांचं दैवत, त्यांची भजनं पप्पा डोळे मिटून गायचे. बालकवी टिळकांच्या घरी लेकरासारखे राहिले, हेही ते कौतुकानं सांगायचे. उतारवयात मात्र त्यात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव आधी येऊ लागलं होतं.

२६ जुलै २००५ ची रात्र ठाण्यात कोणी विसरलेलं नाही. लोकल बंद, वीज गेलेली, पूर्व द्रुतगती महामार्गावरून माणसं चालत येत होती, चपला हातात, कमरेपर्यंत भिजलेली. पार्सनेज रस्त्याला लागून. आईंनी कंदील दारात आणून ठेवला आणि मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. मी नवी सून, मला कळेना किती जणांचा अंदाज धरायचा. "पातेलं भरेल तेवढा," त्या म्हणाल्या. येणाऱ्याला त्या नाव-गाव विचारत नव्हत्या, टॉवेल देत होत्या. ऑफिसातून निघालेल्या मुलींना आपल्या साड्या दिल्या, माझे ड्रेस दिले. एक म्हातारे गृहस्थ थंडीनं इतके कापत होते की त्यांचे दात वाजत होते. घरातले कोरडे पुरुषी कपडे संपलेले. आईंनी खुंटीवरचा पप्पांचा उपासनेचा पांढरा झगा काढला आणि त्यांच्या अंगावर चढवला. ते बिचारे अवघडले, हे देवाचं वस्त्र म्हणाले. आई म्हणाल्या, "म्हणूनच उबदार आहे. झोपा." तो झगा सकाळी त्यांच्याच अंगावर घोडबंदर रोडकडे निघाला आणि परत आला तेव्हा ऑगस्ट उजाडला होता, धुऊन, इस्त्री करून. मधल्या रविवारी पप्पांनी साध्या शर्टावर उपासना चालवली.

हे सगळं सुंदर आहे आणि याची किंमतही होती. ती किंमत मुलांनी दिली. माझा नवरा आईवर जीव टाकणारा, तरी त्याच्या बोलण्यात अजूनही एक बूट येतो. नाताळला घेतलेले नवे बूट, एकदाच घातलेले, एका मुलाला शाळेच्या कवायतीला लागतात म्हणून गेले. त्याला विचारलंही नाही. नणंद म्हणते, आमच्या घरात पाहुण्यांना काय हवंय ते आईला न सांगता कळायचं आणि आम्हाला काय हवंय ते सांगून कळायचं नाही. मला हे खोडून काढता येत नाही आणि काढायचंही नाही. दुसऱ्यांची लेकरं वाढवताना त्यांनी आपल्या लेकरांचं पुष्कळ गृहीत धरलं. नणंदेच्या बाळंतपणात आई पंधरा दिवसांऐवजी चार दिवसच राहिल्या, कारण मंडळीत कोणाची तरी माती होती. तो सल स्मरणसभेच्या दिवशीही नणंदेच्या डोळ्यांत होता, रडण्याबरोबरच होता. नातवंडांच्या बाबतीत मात्र त्या सगळं सव्याज फेडल्यासारख्या वागल्या. माझ्या लेकीच्या डब्यात काय असावं याची त्यांना जेवढी काळजी, तेवढी मलाही नव्हती.

आणि आता जे सांगायचं आहे ते.

पप्पा सेवेत असतानाच गेले. हृदयविकाराचा झटका, रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलेलं. दफनविधीला आवार भरून माणसं बाहेर रस्त्यावर उभी होती. महिना उलटतो न उलटतो तोच वरच्या कार्यालयातून पत्र आलं. शोक व्यक्त केला होता, सेवेचा गौरव केला होता आणि पुढच्या परिच्छेदात पार्सनेज रिकामं करण्याची मुदत दिली होती. नियमच तसा. घर पाळकाचं, पाळक नाही तर घर नाही. नव्या पाळकाचंही कुटुंब असतं, त्याला छप्पर लागतं, हे आईंनाच सगळ्यात जास्त कळत होतं. पण पेन्शनसाठी त्यांनी स्वतः अर्ज करायचा होता. विहित नमुन्यात. विवाहाचा दाखला, मृत्यूचा दाखला, दोन प्रतिष्ठितांची पत्रं, आणि "मला उत्पन्नाचे अन्य साधन नसल्याने कृपावंत होऊन" असं एक छापील वाक्य, त्याखाली सही.

आई त्या कागदासमोर बसल्या होत्या. संध्याकाळ होती, अर्धं सामान बांधलेलं. पेन हातात. वळणदार अक्षरात त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिताना थांबल्या, कारण आठवड्यानं पत्ता बदलणार होता. मग त्या वाक्याखाली सही केली आणि कागद माझ्याकडे देताना म्हणाल्या, "कोणी आलं असतं तर बरं झालं असतं." बस्स, एवढंच. मी त्यांच्याबरोबर तो अर्ज द्यायला गेले. बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. एक त्रुटी निघाली, परत गेलो, पुन्हा बसलो. खिडकीतला माणूस उद्धट नव्हता. त्याच्यासमोर बसलेल्या बाईनं उभ्या आयुष्यात कोणाला असं बाकावर बसू दिलं नव्हतं, हे त्याला कुठून माहीत असणार?

आम्ही खारेगावला भाड्यानं राहायला गेलो. पहिल्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. मंडळीतली तीन-चार कुटुंबं, कोणाच्या हातात दळण, कोणाच्या हातात गॅसची शेगडी. मुंब्र्याच्या त्या मेथीवाल्या बाई पिशवी पुढे करून म्हणाल्या, "आमच्याकडं जास्त झालंय." आई दारात उभ्या राहून आधी त्यांच्याकडे आणि मग पिशवीकडे बघत राहिल्या. त्यांना ते वाक्य कुठलं आहे हे कळलं होतं. कोणीतरी त्यांच्यासारखंच वागायला शिकलं होतं.

तिथूनही त्या सोमवारी बाहेर पडायच्या, गुडघे साथ देत होते तोवर. नंतर लोक येऊ लागले. नव्या पाळकांची तरुण बायको यायची, शेजारी बसून वहीत काय लिहायचं ते विचारायची. आई तिला एकच गोष्ट बजावायच्या, नोकरी सोडू नकोस. तिनं ती सोडलेली नाही, सिव्हिलला नर्स आहे.

स्मरणसभेत नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला गेला. आमच्यात कुठल्याही बाईच्या मातीला तो वाचतातच. ती पहाटे उठते, घरच्यांना वाढते, दीनांकडे हात पुढे करते, तिचा नवरा वेशीत वडीलमंडळींमध्ये बसतो. ऐकताना बायका डोळे पुसतात. मला त्यातलं शेवटचं वचन नेहमी खटकतं, कारण तिथपर्यंत येईतो वाचणाऱ्याचा आवाज खाली आलेला असतो. तिच्या हातांनी जे कमावलं ते तिला द्या, असं तिथे सांगितलंय. द्या. ही आज्ञा आहे आणि ती मंडळीला आहे.

म्हणून आमच्या महिला मंडळानं एक ठराव केलाय. पाळक सेवेत असताना वारला तर मुलांचं शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत कुटुंबाला पार्सनेजमध्ये राहू द्यावं. पेन्शनचे कागद घेऊन कार्यालयातल्या माणसानं घरी यावं, तिथेच भरून घ्यावेत. ते छापील वाक्य नमुन्यातून काढून टाकावं. पंचांच्या बैठकीत एकानं शंका काढली की असं घरी जाऊन देण्याची पद्धत कुठे आहे. मागच्या बाकावरून निवृत्त नर्सबाई उभ्या राहिल्या, लिलावातल्याच त्या, आणि म्हणाल्या, "या मंडळीत आहे. तुमची दहावीची फी कोणी भरली, घरी विचारा." ते गृहस्थ खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून वही पाहायला मागितली. मी दिली नाही. त्यातली कुठलीच नोंद त्या माणसाव्यतिरिक्त कोणाला दाखवायची नाही असं मी आणि नणंदेनं ठरवलंय. पण त्यांचं पान त्यांना वाचून दाखवलं.

ठराव एकमतानं वरच्या कार्यालयात गेलाय. तिकडची बैठक पुढच्या महिन्यात आहे. नणंद पुण्याहून येणार आहे, आम्ही दोघी बरोबर जाणार आहोत आणि उत्तर मिळेपर्यंत त्या बाकावर बसणार आहोत.